हिरव्या बादलीखाली

यंदा आषाढ संपता संपता आमच्या घरात एक चोरी झाली. चोरीला गेली झेंडूची रोपं.

सासूबाई दर वर्षी दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवून पावडरच्या एका जुन्या डब्यात ठेवतात आणि पाऊस स्थिरावला की चुरगाळून मागच्या दारच्या वाफ्यात विस्कटतात. विकतचं बी त्यांना मान्य नाही. यंदा रोपं बोटभर झाली, चार-चार पानं फुटली, आणि एका सकाळी बघतो तर निम्म्यांच्या नुसत्या काड्या उभ्या. सासूबाईंचा पहिला संशय चिमण्यांवर, दुसरा शेजारच्या नातवावर आणि तिसरा, बोलून दाखवला नाही तरी, माझ्यावर. धुणं वाळत घालताना मी वाफ्यात पाय देते, असं त्यांचं जुनं म्हणणं आहे.

खरं तर मी लिहायला बसले ते झेंडूवर नाही, कचऱ्याच्या बादलीवर. पण दोन्ही प्रकरणं एकाच पंधरवड्यातली, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका जुन्या पेठेत आहे. साताऱ्याचा हा भाग ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथली ओल वेगळी सांगायला नको. पाऊस म्हणाल तर महाबळेश्वरच्या पासंगालाही पुरणार नाही, पण रिपरिप संपत नाही. वरचा डोंगर पाणी पिऊन घेतो आणि पुढचे तीन-चार महिने सावकाश खालच्या घरांच्या जोत्यातून सोडत बसतो. मागच्या भिंतीचे दगड जूनमध्ये काळे पडतात ते दिवाळीलाच उजळतात. त्या भिंतीला लागून मोरी, मोरीशेजारी फरशीचा तुकडा आणि त्यावर दोन बादल्या. हिरवी ओल्या कचऱ्याची, निळी सुक्याची. २०१६ चे घनकचऱ्याचे नियम आले आणि त्यानंतर हे दोन रंग घरोघर पोचले. त्याआधी आमच्याकडे तेलाचा पत्र्याचा डबा होता, त्यात सगळं एकत्र जायचं.

घंटागाडी पावणेआठला येते आणि अगदी वेळेवर येते. वेळेवर नसते ती मी. पावणेआठला माझ्या एका हाताला कणीक असते आणि दुसऱ्या हातात मुलाचा डबा. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की मी 'आले, आले' म्हणते आणि बाहेर पडेपर्यंत गाडी पुढच्या बोळात गेलेली असते. त्यामुळे हिरवी बादली कधी दोन दिवस तुंबते, कधी तीन. निळीचं काही नाही. ती महिनाभर तशीच राहिली तरी बिचारी बोलत नाही. हिरवी बोलते.

आणि श्रावणात तर तिच्या बोलण्याला भलताच गोडवा येतो. उपवासांच्या घरात कचराही उपवासाचा. केळ्याची सालं, रताळ्याची सालं, पपईच्या बिया, तळाशी खिचडीची खरवड. पहिल्या श्रावणी सोमवारी रात्री मी झाकण उघडलं आणि चिलटांचा एक लोट तोंडावर आला. शेजारच्या वहिनी त्यांच्या ओट्यावरून म्हणाल्या, "घाणीवर येतात हो ती." मला पटलं. घाण आहे म्हणून किडे आहेत. सरळ हिशेब.

नंतर वाचत गेले तसा तो हिशेब चुकीचा निघाला. निळ्या बादलीतही घाण असतेच, झाडून काढलेली धूळ असते, केसांचे गुंतवळे असतात, तिकडे एक चिलट फिरकत नाही. चिलट येतं ते आंबण्यावर. केळ्याच्या सालीवर यीस्ट आधीपासूनच बसलेलं असतं. ते साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं, मग जिवाणू त्या अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. या उद्योगात यीस्ट आणखीही काही द्रव्यं हवेत सोडतं, पिकल्या फळासारखी घमघमणारी. शास्त्रज्ञांनी यीस्टचं हे वास बनवणारं एक जनुक काढून टाकलं, तर चिलटं त्याच्याकडे पूर्वीसारखी येईनात. यात यीस्टचा स्वार्थ आहे. त्याला ना पाय ना पंख. एक साल संपली की दुसरीवर जायचं कसं? म्हणून वासाची घंटा वाजवायची. चिलट येतं, आंबट रस चाखतं, आणि अंगाला यीस्ट माखून पुढच्या फळावर जातं. म्हणजे आमच्या बादलीत एक घंटागाडी रोज चालूच होती, आणि तिला कुणी 'आले, आले' म्हणत ताटकळवत नव्हतं.

हीच ती ड्रॉसोफिला. चिलट म्हणून आपण हातानं वारतो त्या जिवावर थॉमस हंट मॉर्गन यांनी आनुवंशिकतेचं काम केलं आणि त्यांना १९३३ चं नोबेल मिळालं. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेलही चिलटांवरच्या कामालाच, शरीरातलं दिवसरात्रीचं घड्याळ कसं चालतं ते त्यांच्यात शोधल्याबद्दल. ते घड्याळ मला आमच्या ओट्यावर दिसतं. सकाळी चहाच्या वेळी गर्दी, दुपारी सामसूम, पुन्हा दिवेलागणीला गर्दी. ड्रॉसोफिला या नावाचा ग्रीक अर्थ दवाची आवड असलेली. त्याच दवावरून ड्रॉसेरा हे नाव आलं, म्हणजे आपली कासच्या पठारावरची दवबिंदू, चिकट थेंबांनी किडे धरणारी. भाद्रपदात पुण्या-मुंबईची मंडळी पैसे भरून पठारावर जातात आणि गुडघे टेकून दवबिंदूला चिकटलेल्या किड्याचा फोटो काढतात. कास २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आमची मोरी अजून गेलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला हादरवून गेली. साधारण २५ अंश तापमानात अंड्यापासून उडतं चिलट व्हायला दहाएक दिवसच लागतात, आणि एक मादी शेकडो अंडी घालते. तोवर मी समजत होते की ही सगळी बाहेरून येतात. बादली तीन दिवसांनी रिकामी होत होती हे खरं, पण तळाशी चिकटलेला लगदा कोण खरवडतं? तो लगदा आषाढापासून तिथेच होता. निम्मे पाहुणे आमच्याच घरी जन्मलेले असतील.

माशीबद्दल फार लिहीत नाही, तिची बदनामी पुरेशी झालेली आहे. एवढंच सांगते की ती पायांनी चव घेते आणि तिला चावता येत नाही. त्यामुळे घट्ट पदार्थावर ती आधी लाळ आणि पोटातलं थोडं पाणी ओकते, तो भाग पातळ करते आणि मग शोषते. हे वाचल्यापासून पेढ्यावर बसलेली माशी नुसती हाकलून तो पेढा खायचं माझं धाडस संपलं. साताऱ्यात राहून कंदी पेढ्याशी असं वागणं सोपं नाही.

अळ्यांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गेल्या वर्षी मला घरी खत करायचा उत्साह आला होता. भोकं पाडलेली एक जुनी बादली घेतली आणि भाजीचे देठ, सालं, चहाचा चोथा टाकत गेले. पंधरा-वीस दिवसांनी तिच्यात करड्या, चपट्या, जाड कातडीच्या अळ्यांचा नुसता खच. टाकलेली दुधीची साल संध्याकाळपर्यंत दिसेनाशी व्हायची. मग एका पहाटे त्या सगळ्या बाहेर पडल्या आणि मोरीच्या भिंतीवरून एकामागून एक वर निघाल्या. माउलींची पालखी त्या दिवशी लोणंदला मुक्कामाला होती. सासूबाई तांब्या हातात घेऊन बघत उभ्या राहिल्या.

"अगं, ही बघ दिंडी निघाली आपल्या मोरीतनं."

मी किंचाळत होते. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या होत्या, हे मागाहून कळलं. कोषात जायची वेळ झाली की त्या कोरडी जागा शोधत ओल्यातून आपण होऊन बाहेर पडतात. त्यांची माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते, पण डंख मारत नाही आणि आपल्या ताटावरही घोंगावत नाही. अळ्या दाटीनं असल्या की घरमाशी तिथे अंडी घालायचं टाळते. म्हणजे त्या आमचं कामच करत होत्या. मी त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, पण त्या पहाटे भिंत चालताना बघितली असती तर तुम्हीही तेच केलं असतं.

माझं माहेर कोरेगावकडचं. तिथे परसात उकिरडा होता, चांगला माणूसभर खोल. त्यात शेण पडायचं, चुलीतली राख पडायची, घेवड्याची टरफलं, जनावरांनी टाकलेली वैरण, झाडलोट, सगळं. त्यातही अळ्या असणारच, माशा असणारच. पण 'उकिरड्यात किडे झालेत' अशी तक्रार मी लहानपणी एकदाही ऐकली नाही. कारण दिवस उजाडला की सात-आठ कोंबड्या त्यावर चढायच्या आणि पायांनी उकरत सुटायच्या. शब्दच बघा ना, उकिरडा तिथे उकरणं आलंच. अळी वर आली की गेलीच. ओल्यावर राखेचा, पाचोळ्याचा थर पडायचा, खाली माती, पाणी मुरायला जागा. 'बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो' म्हणतात, आमचा तर दर उन्हाळ्यात फिटायचा. बैलगाडीत भरून शेतात जायचा. शहरात येताना आपण उकिरडा बरोबर आणला, प्लॅस्टिकच्या बादलीत घातला, झाकण लावलं, आणि कोंबड्या, राख, माती तेवढी गावाला ठेवून आलो. ओलं आहे, पण त्यात मिसळायला कोरडं काही नाही. हवा नाही, म्हणून ते मुरण्याऐवजी सडतं. आंबट वासापर्यंत चिलटं, त्यापुढे कुजट वास सुटला की हिरव्या-निळ्या माशा. बादलीचं बोलणं बदललं की ऐकायला येणारेही बदलतात.

आता गोगलगाय.

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री वीज गेली. टॉर्च घेऊन मी मागच्या दारी गेले तर हिरव्या बादलीच्या कडेवर काहीतरी काळं, चपटं, बोटाएवढं चिकटलेलं. आधी वाटलं वांग्याचं साल. मग ते साल लांब झालं.

वहिनींना हाक मारली. त्या टॉर्चच्या उजेडात दुरूनच बघून म्हणाल्या, "अगंबाई, जळू! मीठ आणा, मीठ."

सासूबाई मागून आल्या. त्यांचं माहेर बामणोलीकडचं, जळवांच्या बाबतीत त्यांच्यासमोर कुणी बोलायचं नाही. "जळू कशानं? जळू पायाला लागली तर कळतबी न्हाय, रगत दिसल्यावर कळतं. ही आपली गोगलगाय. शंख न्हाय एवढंच."

वहिनी घरात गेल्या. सासूबाईही गेल्या. मी मात्र पाटावर बसून राहिले, कारण वीज नव्हती आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. जवळजवळ पाऊण तास मी त्या गोगलगायीकडे बघत होते. अंग काळपट, कोरड्या मखमलीसारखं. पाठीवर मधोमध फिकट रेघ, डोक्यापासून शेपटीपर्यंत पट्टीनं ओढल्यासारखी. पुढे शिंगांच्या दोन जोड्या. वरच्यांच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, तेही उजेड-अंधार कळण्यापुरते. खालची जोडी अगदी आखूड, ती पुढची जागा टेकून, चाचपून, जणू चाखून मगच अंग पुढे घेत होती. टॉर्च जवळ नेला की शिंगं आत जायची, मोज्याचं बोट आतून ओढून घ्यावं तशी. मिनिटभर थांबून परत बाहेर. कडेवर पपईची एक साल लोंबत होती. तिच्यापाशी पोचल्यावर तिनं डोकं खाली घातलं आणि सालीच्या गरावर हळूहळू एक फिकट पट्टा उमटत गेला. तिच्या तोंडात हजारो बारीक दातांची एक पट्टी असते, कानशीसारखी. चावत नाही, खरवडते.

'गोगलगाय आणि पोटात पाय' असं आपण म्हणतो ते वरून गरीब नि आतून बेरकी माणसाला. पण नुसतं वर्णन म्हणूनही ते तंतोतंत खरं आहे. तिचं पोट हाच तिचा पाय. प्राणिशास्त्रात या वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात, ग्रीकमध्ये त्याचाही अर्थ पोट आणि पाय. ते नाव ज्यांनी ठेवलं त्यांची आणि आपल्या आज्यांची गाठ पडली असण्याचं कारण नाही. दोघांनीही बहुधा टॉर्चविना, नीट वाकून बघितलं असणार.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी हे सांगितलं तर लातूरकडचा एक सहकारी हसायला लागला. "मॅडम, एकीचं काय कौतुक सांगताय!" २०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्याकडे, बीडला, तेव्हाच्या उस्मानाबादला शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं शेतंच्या शेतं फस्त केली होती. ती जात वेगळी, पाठीवर भलामोठा शंख असलेली, मूळची आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकानं ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथून ती पसरली. (आमची बिनशंखाची काळीही वर्णनावरून आफ्रिकेचीच निघते. साताऱ्याच्या मोरीत अशी परदेशी मंडळी.) सहकाऱ्यानं सांगितलेला उपाय मात्र मी कागदावर उतरवून घेतला. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं आणि संध्याकाळी शेतात जागोजागी अंथरायचं. सकाळी त्याखाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात. त्या वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या.

घरी येताना पोवई नाक्यावर सिग्नलला थांबले असताना एकदम डोक्यात प्रकाश पडला. गोड, आंबूस वास. ओल. अंधार. वर आडोसा. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट म्हणजे दुसरं काय, आमची हिरवी बादलीच की.

आणि त्यातही वासापेक्षा ओल जास्त महत्त्वाची. शंख नाही म्हणजे डोक्यावर छप्पर नाही. अंग बहुतेक पाण्याचंच, आणि चालायचं तर त्या पाण्याचा चिकट शेंब करून वाटेवर अंथरत चालायचं. म्हणजे प्रत्येक पावलाला खर्च, पाऊल नसलं तरी. फार वेळ ऊन लागलं तर ती सुकून मरते. त्यामुळे तिचा सगळा संसार रात्रीचा, आणि दिवसभर लपायला न वाळणारी जागा हवी. खायला काय, कुठेही मिळतं. ओलसर अंधार मिळत नाही.

शनिवारी सकाळी मी लवकर उठले. पाऊस रात्रीच थांबला होता आणि फरशीवर त्यांच्या वाटा स्वच्छ दिसत होत्या, वाळलेल्या, चकचकीत, कुणी जरीचा धागा टाकल्यासारख्या. मी वाकून त्या वाटा बघत चालले. एक वाट बादलीच्या कडेवर चढून पपईपर्यंत जाऊन परत उतरलेली. एकच. बाकी पाच-सहा वाटा बादलीवर चढलेल्याच नव्हत्या. त्या तळाखालून निघून फरशी ओलांडत, तुळशीवृंदावनाला वळसा घालून सरळ झेंडूच्या वाफ्यात जात होत्या. आणि तिथून परत बादलीखाली.

मी बादली तिरकी करून खाली बघितलं.

तळाला केसाएवढी चीर होती. तिच्यातून तो तपकिरी पाझर थेंब थेंब गळत होता, महिनोन् महिने. खालची फरशी काळी, बुळबुळीत. सात गोगलगायी, चार अंग आखडून, तीन एकमेकींना चिकटून. शेजारी दोन पैसा किडे वेटोळं करून, एक गांडूळ, पळत सुटलेलं एक झुरळ. आणि फरशीच्या सांध्यात मातीनं माखलेला एक पुंजका, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक लांबट दाणे, माळेत ओवल्यासारखे. अंडी. त्या दिवशी शनिवारचा उपवास होता. मी खिचडी खाल्ली नाही.

म्हणजे त्या कचऱ्यासाठी आलेल्याच नव्हत्या. आम्ही त्यांना घर बांधून दिलं होतं, वरून थेंब थेंब नळ सोडला होता, आणि जेवायला त्या वाफ्यावर जात होत्या. बादली म्हणजे मुक्कामाची जागा. पपई मधल्या वेळचं खाणं.

"आई," मी हाक मारली. "चोर सापडले."

त्या आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग वाफ्याकडे बघितलं, परत बादलीखाली बघितलं. माझ्यावरचा संशय मागे घेतला असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढ्याशा तोंडानं निम्मा वाफा?"

मीठ मी आणलंच होतं. त्यांनी माझा हात धरला.

"श्रावण हाय. जीव मारायचा न्हाय."

डासांना हा नियम लागू नाही. सासूबाईंची ती रॅकेट श्रावणातही तडतडते. विचारलं तर उत्तर तयार, "ते चावत्यात." दुकानदारानं गोगलगायी मारायच्या गोळ्याही दाखवल्या होत्या. पण त्यातलं मेटाल्डिहाइड कुत्र्याच्या पोटात गेलं तर कुत्रंही मरतं, आणि गल्लीतलं तांबडं कुत्रं आमच्या मागच्या दारीच झोपतं. तेव्हा मारायचं नाही हे ठरलं. उचलून टाकायचं.

हातानं उचलायचं नाही हे मात्र मी बजावलं. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी असतो, त्याच्या अळ्या गोगलगायींच्या अंगात वाढतात. त्या चुकून माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून सूज आणतात. कच्ची कोथिंबीर, पालक पावसाळ्यात पान न् पान धुवायचं ते यासाठीही. मी ऑफिसातून येताना हातमोजे आणले. सासूबाईंनी ते न उघडता कपाटात ठेवले आणि सांडशी घेतली. स्वयंपाकघरातली सांडशी. त्या सांडशीनं मी दूध उतरवते. त्यावरून आमचं जे झालं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी नवी सांडशी आली.

बादली बदलली. नवी दोन विटांवर ठेवली, खालून हवा खेळती. ओला कचरा टाकला की वर मूठभर वाळका पाला किंवा सुताराकडचा भुसा टाकते, राखेच्या जागी. बादली धुतली की उन्हाला पालथी घालते, ऊन असेल तेव्हा. चिलटं आठवड्यात निम्म्यावर आली. घंटागाडी अजूनही चुकते, पण पूर्वीइतकी नाही. मुलाला डब्याऐवजी बादली धरायला लावते.

सासूबाईंनी भिंतीच्या कडेला गोणपाटाचा तुकडा अंथरला, गुळाचं पाणी शिंपडून. रोज दिवेलागणीला त्या त्यावर पाणी मारायच्या आणि सकाळी तो उचलून, खाली जमलेल्या गोगलगायी एकेक सांडशीनं धरून पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. मग काठी टेकत, हळूहळू, डबा घेऊन ओढ्यापलीकडे. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला, कोपऱ्यावर टाका. तर म्हणाल्या, "परत येत्यात त्या." मला वाटलं, उगाच काहीतरी. नंतर वाचलं की इंग्लंडमध्ये रूथ ब्रुक्स नावाच्या एका आजींनी नेमकं हेच करून बघितलं होतं. बागेतल्या गोगलगायींच्या शंखांना नेलपॉलिश लावायचं, लांब नेऊन सोडायचं, आणि कोण परत येतं ते मोजायचं. त्या परत येत होत्या. त्यासाठी २०१० मध्ये बीबीसी रेडिओच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. आपल्या बिनशंखाच्यांना नेलपॉलिश लावायचं कुठे, एवढाच त्यांना प्रश्न पडला.

पुढचे दोन आठवडे हा नेम चालला. एका सकाळी नऊ सापडल्या, एका सकाळी चौदा, मग पाच, मग दोन. उरलेल्या झेंडूला नवी पानं फुटली. सासूबाईंनी मोजली, एकतीस रोपं. तोरणाला पुरतील, गाडीच्या हाराला विकत आणावी लागतील, असा अंदाज झाला. मी माझ्या मनात त्यांच्याबद्दल बरंच काही चांगलं रचत होते. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे दुखत असताना, रोज सकाळी गोगलगायींना ओढ्यापार पोचवायला जाते वगैरे. ऑफिसात दोघा-तिघांना सांगूनही झालं.

मग पिठोरी अमावस्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागच्या दारी गेले तर सासूबाई गोणपाटापाशी बसलेल्या. पत्र्याच्या डब्याऐवजी समोर बादली, बादलीत पाणी, आणि शेजारी खड्या मिठाची अख्खी पिशवी फोडलेली.

"आई, हे काय?"

त्यांनी सांडशीनं एक गोगलगाय उचलली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"श्रावण संपला की काल," त्या म्हणाल्या.